आरपीजीचा दुसरा भाग: कॉम्बॅट आणि लूट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका शनिवारी कोथरूडमध्ये, एका मित्राच्या क्लासच्या रिकाम्या खोलीत, आरपीजी (एक पात्र वाढवत, लढत पुढे न्यायचे व्हिडिओ गेम) करणारे आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन जमतो. कुणी हिंजवडीत दिवसभर नोकरी करून रात्री गेम लिहितं, कुणाचं कॉलेज नुकतंच संपलंय. बहुतेकांचा पहिला गेम बाहेर पडलाय, बेताचाच चाललाय, आणि आता दुसऱ्या भागाची जुळवाजुळव सुरू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मला येणारे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुसऱ्या भागात आधी काय सुधारू, कॉम्बॅट की लूट?

आधी कॉम्बॅट, म्हणजे लढाई. लूट, म्हणजे शत्रू मारून मिळणाऱ्या वस्तू, पूर्ण बंद करा, तीन ठरलेली हत्यारं हातात द्या आणि वीस मिनिटं खेळा. कंटाळा आला, तर वरून कितीही सोनेरी तलवारी पाडल्या तरी तो कंटाळा फक्त पुढे ढकलला जाईल.

पण ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांना वाटून देऊ नका. कॉम्बॅट खेळाडूसमोर अडचण टाकतं, लूट त्या अडचणीतून सुटायची नवी वाट देते. ढालवाला शत्रूच नसेल, तर ढाल फोडणाऱ्या गुर्जाचं कौतुक कुणाला वाटणार? आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या गेममध्ये लुटीचा तक्ता भरगच्च असतो आणि शत्रू मात्र चारच प्रकारचे. मग त्या तक्त्याला आकडे वाढवण्यापलीकडे कामच उरत नाही.

२. पहिल्या भागावर तक्रारींचा ढीग आहे. कुठल्या ऐकायच्या?

सगळ्या ऐका. फक्त तक्रारीबरोबर आलेला उपाय बाजूला ठेवा. खेळाडूला कुठे दुखतंय ते त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. औषध काय, हे मात्र त्याला माहीत असेलच असं नाही.

मास इफेक्टचे तीन भाग यासाठी ओळीने खेळून बघावेत. पहिल्या भागात (२००७) दीडशे वस्तूंची मर्यादा होती, त्यातल्या बहुतेक एकसारख्या दिसणाऱ्या बंदुका, आणि त्या एकेक करून वितळवत बसायचं. लोक वैतागले. दुसऱ्या भागात (२०१०) इन्व्हेंटरीच (गोळा केलेल्या वस्तूंची यादी) काढून टाकली, मोजक्या बंदुका ठेवल्या आणि नेमबाजी घट्ट केली. लढाई खरोखर सुधारली, पण ‘यातला आरपीजी गेला कुठे?’ अशी नवी तक्रार आली. तिसऱ्या भागात (२०१२) बंदुकीला जोडायचे सुटे भाग परत आले आणि बंदुकीला वजन आलं: जड बंदुका घेतल्या की तुमच्या शक्ती उशिरा परत मिळणार. म्हणजे लोकांना निवड हवीच होती, नको होती ती साफसफाई. पहिल्या तक्रारीतच हे दोन धागे वेगळे केले असते, तर मधला हेलपाटा वाचला असता. आता मागे वळून हे सांगणं सोपं आहे, ते मी कबूल करतो.

३. सगळे म्हणतात, ‘वाराला वजन नाही.’ म्हणजे नेमकं काय करायचं?

वाराचे तीन तुकडे असतात: उगारणं, लागणं, सावरणं. नवशिक्यांच्या गेममध्ये तिघांनाही सारखाच वेळ दिलेला असतो, म्हणून तलवार पंख्यासारखी फिरते. उगारायला वेळ द्या, लागणं एका-दोन फ्रेममध्ये संपवा, सावरणं पुन्हा संथ. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, तेव्हा ही सगळी कारागिरी अर्ध्या सेकंदाच्या आतली आहे.

वार लागल्याच्या क्षणी मारणारा आणि मार खाणारा, दोघांनाही तीन-चार फ्रेम गोठवा. याला हिटस्टॉप म्हणतात. ऐकायला वेडगळ वाटतं, पण हाताला वजन जाणवतं ते यानेच. मग शत्रूची प्रतिक्रिया: तो मागे सरकला पाहिजे, ढळला पाहिजे, निदान त्याची मान तरी वळली पाहिजे. आणि आवाज. आम्ही एका वाराचा आवाज कोबीचा गड्डा सुरीने फोडून फोनवर रेकॉर्ड केला. त्या रात्री भाजी कोबीची झाली, आणि ज्यांना तलवार ‘हलकी’ वाटत होती त्यांनीच दुसऱ्या दिवशी ‘तलवारीचा डॅमेज वाढवलात का?’ असं विचारलं. आकड्याला हातही लावला नव्हता.

४. बटण दाबलं तरी वार होत नाही, अशी तक्रार येते. कोडमध्ये तर सगळं बरोबर आहे!

कोड बरोबर असेल, माणसाचा अंगठा थोडा आधी पडतोय. आधीचा वार सावरत असताना दाबलेलं बटण फेकून देऊ नका. सहा ते दहा फ्रेम लक्षात ठेवा आणि संधी मिळताच वापरा. त्याहून जास्त काळ धरून ठेवलंत तर उलट होतं: खेळाडूने घाबरून चारदा दाबलेलं बटण त्याला चार वेळा तलवार फिरवायला लावतं आणि तो तेवढ्यात मरतो. चकमा देण्याचं बटण मात्र वाराच्या उगारण्यातही चालू ठेवा. जीव वाचवायचा हुकूम रांगेत उभा राहत नाही.

५. शत्रू मरतच नाहीत, ‘स्पंज’ झालेत. त्यांचं हेल्थ निम्मं करू का?

कदाचित. आधी डॅमेजचं सूत्र बघा, रोग बहुधा तिथे असतो.

‘हल्ला वजा बचाव’ हे सूत्र सगळ्यांना आवडतं कारण ते डोक्यात करता येतं. पण हल्ला ५० आणि बचाव ४० असेल तर डॅमेज १०. हल्ला ६० झाला की डॅमेज २०. तलवार फक्त २० टक्क्यांनी सुधारली आणि मार दुप्पट झाला. बचाव ५० असलेल्या शत्रूसमोर तर पहिली तलवार शून्यच. अशा गेममध्ये एका गावात शत्रू दगड असतो आणि पुढच्या गावात कागद, मधली पायरीच नसते.

भागाकाराचं सूत्र शांत असतं: डॅमेजला १०० भागिले (१०० + बचाव) ने गुणा. बचाव १०० असेल तर निम्मा मार, २०० ला एक तृतीयांश, ३०० ला पाव. म्हणजे १००० हेल्थच्या शत्रूला संपवायला बचाव शून्य असताना १००० चा मार लागतो, आणि पुढे दर शंभर बचावामागे आणखी १००० चा. वाढ सरळ रेषेत होते, वहीवर मांडता येते आणि शून्याचा खड्डा कधीच येत नाही.

एवढं करूनही शत्रू लांबत असेल, तर मोजा की त्याने त्याच्या सगळ्या युक्त्या किती वेळात दाखवून झाल्या. दोन युक्त्यांचा साधा दरोडेखोर दहा सेकंदांत संपावा. बॉसकडे, म्हणजे टप्प्याशेवटच्या बड्या शत्रूकडे, सहा असतील तर तीन-चार मिनिटं चालतील. युक्ती संपली आणि हेल्थ उरलं, की तो स्पंज.

६. खेळाडूची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढवावी का?

सरसकट नको. ऑब्लिव्हियन (२००६) मध्ये तसं केलं आणि उंच लेव्हलला रस्त्यावरचे भुरटे चोर महागडं काचेचं चिलखत घालून उभे राहू लागले. ज्याच्या अंगावर राजाचा खजिना आहे, तो वाटसरूकडून चिल्लर का मागतोय? स्कायरिममध्ये (२०११) भागागणिक किमान आणि कमाल लेव्हल आली; गुहा तुमच्याबरोबर वाढते, पण तिच्या मर्यादेत.

माझं मत विचाराल तर निदान एक तरी जागा अशी ठेवा जिथे खेळाडू सुरुवातीला पळून येतो आणि दहा तासांनी परत जाऊन हिशेब चुकता करतो. सगळंच बरोबरीने वाढलं तर हा हिशेब कधी होतच नाही.

७. चकमा, स्टॅमिना (दम) हे स्टॅटला, म्हणजे पात्राच्या गुणांच्या आकड्यांना, जोडू का? आरपीजी आहे ना!

स्टॅमिनाचा साठा जोडा, हरकत नाही. चकम्यातले वार न लागण्याचे क्षण जोडू नका. डार्क सोल्स २ (२०१४) मध्ये ते एका स्टॅटवर अवलंबून होते. परिणाम असा की, आधीचा भाग खेळून हात बसलेला माणूसही सुरुवातीला नेमक्या वेळी उडी मारून मार खायचा. डोळ्याला दिसतंय चुकवलं, गेम म्हणतो लागलं. खेळाडूने कमावलेलं कौशल्य स्टॅटने त्याच्याकडून काढून घेऊ नये.

८. आमचा गेम टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायचा) आहे. वरचं काही लागू होतं का?

३ मधला आवाज आणि प्रतिक्रिया, ५ आणि ६ पूर्ण. ४ आणि ७ सोडून द्या.

टर्न-बेस्डची खास चूक वेगळी असते: दोन पद्धती एकमेकींना मदत करण्याऐवजी आड येतात. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ (२०१७) मध्ये प्रत्येकाला शारीरिक आणि जादुई असं दुहेरी चिलखत होतं, आणि ते उतरल्याशिवाय शत्रूला गारद करता येत नव्हतं. कल्पना चांगली. पण चार जणांच्या टोळीत दोघांनी तलवार आणि दोघांनी जादू घेतली, तर प्रत्येक जोडी आपलं वेगळं चिलखत सोलत बसते. म्हणून बरेच जण सगळी टोळी एकाच प्रकारची करायचे. विविधतेसाठी केलेला नियम विविधतेच्याच मुळावर आला. तुमच्या नियमांना एकच प्रश्न विचारा: दोन वेगळी पात्रं एकत्र आली की फायदा होतो की भांडण?

९. एका लढाईनंतर किती लूट पडावी?

जुन्या बाजारात रविवारी गेलात तर कळेल. पसाऱ्यात हात घालून जुनं कुलूप, बंद पडलेला कॅमेरा शोधायची मजा आहे. पण ती मजा दुकानदाराने सगळा पसारा उचलून तुमच्या पिशवीत भरला तर उरत नाही. बघणं फुकट असावं, उचलणं विचारपूर्वक.

लुटीची सगळ्यात मोठी दुरुस्ती मी पाहिली ती डायब्लो ३ ची. २०१२ मध्ये गेम आला तेव्हा त्यात खऱ्या पैशांचं लिलावघर होतं. चांगली वस्तू राक्षसाकडून मिळण्यापेक्षा लिलावात सोपी मिळायची, आणि जमिनीवर पडायचं ते बहुतेक तुमच्या पात्राला निरुपयोगी. मार्च २०१४ मध्ये लिलावघर बंद केलं. त्याच सुमारास लुटीची पद्धत बदलली: वस्तू कमी पडतील, पण ज्या पडतील त्यांचा कल तुम्ही खेळता त्या पात्राकडे असेल. आणि दुर्मीळ वस्तू एखाद्या शक्तीचं वागणंच बदलतील. कॉम्बॅट तेच होतं, तरी गेम वेगळा वाटू लागला.

तेव्हा आकडा विचारूच नका. एक नियम सांगतो: मिळालेल्या वस्तूंपैकी किती वस्तूंवर खेळाडू थांबून विचार करतो ते मोजा. दहातल्या नऊ न वाचताच विकल्या जात असतील, तर त्या नऊ वस्तू म्हणजे वेश पालटलेली नाणी आहेत. सरळ नाणी द्या.

१०. ड्रॉप (वस्तू पडण्याची शक्यता) १ टक्का ठेवलाय. एकाने शंभर वेळा बॉस मारला, काही मिळालं नाही म्हणतो. बग आहे का?

नाही, गणित आहे. १ टक्का शंभर वेळा म्हणजे नक्की एकदा, असं होत नाही. शंभर वेळा मारूनही रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता ३६.६ टक्के आहे. तीनशे वेळा मारणाऱ्यांतलेही शंभरातले पाच कोरडे राहतात. हजार खेळाडू असतील तर शंभराव्या फेरीअखेर साडेतीनशेहून जास्त लोक तुमच्यावर चिडलेले असणार, आणि प्रतिक्रिया लिहिणार तेच.

लॉटरी सोडा, भिशी वापरा. भिशीत ज्याची चिठ्ठी निघाली ती परत डब्यात जात नाही, म्हणून कधी ते माहीत नसलं तरी प्रत्येकाचा नंबर लागतोच. पन्नास चिठ्ठ्यांत एक तलवार ठेवा, निघालेली चिठ्ठी बाहेर. जास्तीत जास्त पन्नास फेऱ्या, आणि उत्सुकता शिल्लक. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक अपयशानंतर शक्यता थोडी वाढवणं. डोटा २ मधले बरेच नशिबाचे वार असेच चालतात.

भिशीत एक अडचण आहे: चिठ्ठ्या सेव्हमध्ये साठवाव्या लागतात. ते विसरलात तर गेम बंद करून उघडणाऱ्याचा डबा प्रत्येक वेळी नव्याने भरतो. हे आमच्याकडे घडलंय आणि शोधायला तीन शनिवार गेले.

११. वस्तू हाताने ठेवू की नशिबावर सोडू?

गेम एकदाच खेळायचा असेल तर हाताने, पुन्हा पुन्हा खेळायचा असेल तर नशिबावर. लारियन कंपनीचे दोन गेम शेजारी ठेवून बघा. ओरिजिनल सिन २ मध्ये बरीच लूट यदृच्छेने यायची आणि लेव्हलगणिक आकडे इतके फुगायचे की कालची अपूर्व तलवार आज भंगार. बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये लेव्हल बारापर्यंतच, महत्त्वाच्या वस्तू ठरलेल्या जागी, आणि तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला मिळालेली अंगठी शेवटपर्यंत बोटात राहू शकते. कारण ती आकडा वाढवत नाही, नवी गोष्ट करू देते.

मधला मार्ग चालतो: कणा हाताने, भरण नशिबाने. विचर ३ मध्ये विचर-संप्रदायांच्या चिलखतांचे आराखडे ठरलेल्या ठिकाणी आहेत, बाकी पेट्यांत काहीही. मला आठवतात ते आराखडेच.

१२. आपल्याकडची हत्यारं घालायची आहेत. मराठी नावं दिली की झालं ना?

नाही. लाँगस्वोर्डच्या अ‍ॅनिमेशनवर ‘दांडपट्टा’ अशी पाटी लावली तर ती पाटीच.

दांडपट्ट्याचा लोखंडी हातमोजा कोपरापर्यंत येतो, त्यामुळे मनगट वळत नाही. पातं लांब आणि लवचीक. म्हणजे वार खांद्यातून आणि पायाच्या फिरकीतून येणार: मोठी वर्तुळं, चारी बाजूंचे शत्रू एकदम, पण थांबायला वेळ, आणि अरुंद बोळात जवळजवळ निरुपयोगी. बघा, अख्खं हत्यार तयार झालं. ताकद, तोटा आणि कुठल्या जागेत वापरायचं हेसुद्धा. ‘विटा’ हे हत्यार घ्या: भाल्याला दोरी, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. यात दोन क्षण आहेत, फेकतानाचा आणि परत येतानाचा, आणि दोरी ताणलेली असताना तुम्ही निःशस्त्र. कट्यारीची मूठ आडवी, म्हणून वार भोसकण्याचा, मुठीच्या ताकदीने. चिलखत भेदायला उत्तम, लांबी नाही. वाघनखं तळहातात लपतात, तेव्हा पहिल्या वारापर्यंत शत्रूला तुम्ही रिकाम्या हातांचे दिसायला हवेत. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ प्रत्यक्ष बघून या. पाय कसे पडतात ते व्हिडिओत कळत नाही.

लहान वस्तूंसाठी राजा केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. तिथले अडकित्ते बघा. काम एकच, सुपारी कातरायची. तरी एकेकाचा घाट निराळा. तुमच्या गेममधल्या दहा खंजिरांना तेवढं तरी वेगळेपण द्या. जागेचा उपयोग शिकायचा तर पुण्यातच झालेला राजी (२०२०) हा गेम आहे: तो आरपीजी नाही, लूटही नाही, पण खांब आणि भिंती यांचा वारासाठी वापर त्यात बघण्यासारखा आहे.

१३. शस्त्रं झिजून तुटावीत का?

तुटल्यावर खेळाडू काय करतो, यावर आहे. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मध्ये तुटण्यामुळे हाती येईल ते उचलून लढावं लागायचं. अनेकांना ते आवडलं, आणि अनेकांनी चांगली हत्यारं ‘पुढे लागतील’ म्हणून शेवटपर्यंत वापरलीच नाहीत. आजीच्या कपाटातल्या पैठणीसारखं. टिअर्स ऑफ द किंगडम (२०२३) मध्ये तुटणं तसंच ठेवलं, पण काठीला राक्षसाचं शिंग जोडून नवं हत्यार करायची सोय दिली. त्यामुळे मारलेल्या राक्षसाची लूट हाच पुढच्या लढाईचा दारूगोळा झाला. तक्रार होती ‘तुटतं’, उपाय निघाला जोडण्याचा. प्रश्न २ मध्ये म्हटलं ते हेच.

नुसतं लोहाराकडे जाऊन पैसे भरायचे असतील, तर तो कर आहे. काढून टाका.

१४. वजनाची मर्यादा ठेवावी का?

लढताना जाणवत असेल तर ठेवा. फक्त विकायला फेऱ्या मारायला लावत असेल तर नको. आणि घरी पेटी द्याच. विचर ३ मध्येही ती प्रकाशनानंतर पॅचमधून द्यावी लागली.

१५. पहिल्या भागातली तलवार दुसऱ्या भागात आणू द्यायची का?

आणू दिली तर पहिल्या दहा तासांचा तोल गेला. नाही दिली तर जुन्या खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. बाल्डर्स गेट २ (२०००) ने पात्र आणू दिलं, पण गोष्टीची सुरुवातच कैदेतून केली: अंगावर काही नाही. तरी पहिल्या भागातली एक निरुपयोगी सोनेरी विजार मात्र जुन्या खेळाडूसोबत पुढे यायची, आणि ती जपून ठेवणाऱ्याला फार पुढे अशाच आणखी दोन विचित्र कपड्यांबरोबर जोडून एक अचाट चिलखत मिळायचं. आठवण आणा, ताकद आणू नका. ताकद द्यायचीच असेल तर उशिरा द्या.

१६. फोनसाठी करतोय. काय बदलेल?

अंगठे पडद्याचा खालचा भाग झाकतात, म्हणून शत्रूचं उगारणं वरच्या अर्ध्यात दिसलं पाहिजे. प्रश्न ४ मधली मुदत थोडी वाढवा. लूट तुलना करायला मोठा तक्ता नको. ‘आत्ताच्यापेक्षा काय वेगळं करते’ अशी एक ओळ पुरे.

१७. पैसे घेऊन उघडायच्या लुटीच्या पेट्या ठेवल्या तर?

मी ठेवणार नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. अ‍ॅपलच्या स्टोअरवर २०१७ च्या अखेरीपासून शक्यता जाहीर कराव्या लागतात. आणि भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. तुमची पेटी कशात बसते हे वकिलाला विचारा, मला नको. डिझाइनपुरतं बोलायचं तर, पेटी विकायची असेल तर लढाईतून मिळणारी लूट मुद्दाम कंजूष ठेवावी लागते, आणि मग या पानावरचं बाकी सगळं वाया जातं.

१८. एका खेळाडूने असा बिल्ड (हत्यारं आणि शक्तींची जुळणी) शोधलाय की बॉस चार सेकंदांत मरतो. नर्फ करू, म्हणजे त्याची ताकद कापू?

आधी त्याला विचारा, शोधायला किती वेळ लागला आणि त्यानंतर तो किती वेळ खेळला. मॉरोविंड (२००२) मध्ये बुद्धी वाढवणारा काढा पिऊन त्याहून चांगला काढा करता येतो, तो पिऊन त्याहूनही चांगला, असं अमर्याद. आजही लोक ती युक्ती एकमेकांना हौसेने सांगतात. एकट्याने खेळायचा गेम असेल, युक्ती शोधायला अक्कल लागत असेल आणि ती न वापरणाऱ्याचं काही बिघडत नसेल, तर राहू द्या.

तीन वेळा मात्र हात घाला. एकमेकांविरुद्ध खेळायचं असेल तर. युक्ती इतकी समोर असेल की प्रत्येक जण पहिल्या तासात तिच्यावर अडखळत असेल तर. आणि ती वापरणं कंटाळवाणं असूनही फायद्याची असेल तर. कारण फायदा दिसला की माणूस कंटाळा सोसूनही तेच करतो आणि दोष गेमला देतो. अशा वेळी त्या बिल्डला कापण्याआधी एक शत्रू असा घालून बघा ज्याच्यावर तो चालत नाही. आमच्या खोलीत एकाने दांडपट्ट्याची अशीच अजिंक्य फिरकी शोधली होती. आम्ही आकडे तसेच ठेवले आणि पुढची लढाई एका वाड्याच्या जिन्यात नेली.